मारवा गाताना भूप का उमटत होता? एका विद्यार्थिनीच्या रियाजाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी पस्तिशीतली, सहा वर्षे ख्याल शिकत असलेली. पट्टी काळी चार, म्हणजे तिचा सा पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. यमन, भूप, बिहाग, भैरव हे राग ती अर्धा तास सहज मांडायची. आवाज स्थिर, सुरेलपणाची तक्रार कधीच नव्हती. आठवड्यातून दोन शिकवण्या होत, एक समोर बसून आणि एक व्हिडिओ कॉलवर. घरचा रियाज मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर, रोज पाऊण तास. मारवा हा राग सुरू करून तीन महिने झाले होते आणि गाडी दोनदा, दोन वेगळ्या जागी अडली होती.

पुढे स्वर लिहिताना एक सोय केली आहे. मारव्याच्या संदर्भात नुसता रे लिहिला तर तो कोमल, आणि नुसता म लिहिला तर तो तीव्र. स्वराआधी टिंब असेल तर तो मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला. षड्ज, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद ही सा, ग, म, प, ध, नि यांचीच पूर्ण नावे.

मारव्याचे स्वर सा रे ग म ध नि. पंचम वर्ज्य, म्हणून जाती षाडव-षाडव, म्हणजे चढताना सहा आणि उतरताना सहा स्वर. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांचे वर्गीकरण दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा चौकटींत केले; त्यांपैकी एकाला या रागाचेच नाव आहे. त्या मारवा थाटात पंचम असतो, रागात नसतो. नवशिका इथे हमखास गोंधळतो. वादी (रागाचा मुख्य स्वर) रे आणि संवादी (त्याच्या जोडीचा स्वर) ध असे ग्रंथांत लिहिलेले असते. ही जोडी जरा बारकाईने पाहिली पाहिजे. वादी-संवादीत साधारणपणे षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव असतो, म्हणजे सा ते प किंवा सा ते शुद्ध म एवढे अंतर. कोमल रे आणि शुद्ध ध यांच्यात यांपैकी एकही नाही. दोन्ही स्वर ठाम उभे राहतात, पण एकमेकांना आधार देत नाहीत. मारव्याची अस्वस्थता इथून येते आणि या प्रकरणातली अडचणही इथूनच आली.

पहिली अडचण: पुरिया

पहिल्या महिन्यात तिची आलापी पुरियाकडे झुकत होती. पुरियाचे स्वर मारव्याचेच आहेत, एकही कमी-जास्त नाही. फरक चलनाचा, म्हणजे स्वरांच्या चालीचा, आणि मुक्कामाच्या जागांचा. पुरियात वादी ग, संवादी नि. राग मंद्राकडे रमतो. ‘ग, .नि रे सा’ आणि ‘.नि .ध .नि’ या जागांवर तो ओळखू येतो. मारव्यात मुक्काम रे आणि ध यांवर असतो आणि ‘ध म ग रे, ग म ग रे, सा’ अशी उतरण असते.

ती पुरियाकडे का जात होती, ते तिच्या यमनात दडले होते. सहा वर्षे गळ्यात बसलेला यमन ‘.नि रे ग’ असा उठतो (तिथला रे शुद्ध), ग वर थांबतो आणि नि शी संवाद साधतो. या सवयीत रे कोमल करून पंचम काढून टाकला की जे उरते ते पुरियाच्या अगदी जवळचे असते. तिने स्वर बदलले होते, पावले यमनाचीच होती.

यावर शिक्षिकेने नेहमीचा उपाय सांगितला: ग वर थांबू नकोस, सा टाळ, रे आणि ध वर उभी राहा. सूचना चुकीची म्हणता येणार नाही. मारव्यात सा खरोखरच मोजका लागतो, कलाकार तो मिनिटामिनिटाने लांबणीवर टाकतात. पण ‘टाळ’ या शब्दाचा पुढे जो अर्थ घेतला गेला त्यातून दुसरी अडचण उभी राहिली.

दुसरी अडचण: भूप

दोन महिन्यांनी, व्हिडिओ कॉलवरच्या शिकवणीत, चौथ्या-पाचव्या मिनिटाला शिक्षिकेला मारवा ऐकूच येईना. स्वर नेमके होते आणि चलनही मारव्याचे होते, तरी कानाला भूप लागत होता, निवांत आणि समाधानी. मारव्याच्या नेमका उलट.

याचे कारण पेटीवर दिसते. काळी चारचा सा धरला तर मारव्याचे स्वर असे पडतात: रे पांढरी सहा, ग वरची पांढरी एक, म पांढरी दोन, ध पांढरी चार, नि पांढरी पाच. काळी पट्टी फक्त सा ची. सा टाळून मारवा वाजवला की बोट एकदाही काळ्या पट्टीवर जात नाही. आता पांढरी चारला, म्हणजे मारव्याच्या धैवताला, सा माना आणि त्याच पाच पट्ट्या वाजवा. सा रे ग प ध, शुद्ध भूप.

सा काढलेल्या मारव्याची धैवतापासूनची मूर्च्छना, म्हणजे तेच स्वर धैवताला सा मानून पाहिले तर, भूप होते. मारव्याचा ध हा भूपाचा सा, नि हा रे, रे हा ग, ग हा प आणि म हा ध. ‘रे .नि .ध’ ही मारव्यातली इतकी महत्त्वाची जागा, पण सा विसरलेल्या कानाला ती ‘ग रे सा’ वाटते. ‘ध म ग रे’ ही उतरण भूपाची ‘सा ध प ग’ होते.

आता प्रश्न होता की चूक गाणाऱ्याची की ऐकणाऱ्याची. व्हिडिओ कॉलची यंत्रणा पार्श्वभूमीचा अखंड आवाज गोंगाट समजून गाळते, आणि तंबोरा हा तर अखंड आवाजच. शिक्षिकेपर्यंत तंबोरा पोचतच नव्हता. तंबोऱ्यावाचून ऐकला तर चांगल्या गायकाचा बिनषड्जाचा तुकडाही भूपासारखा भासेल. त्यामुळे कॉलवरून निदान करण्यात अर्थ नव्हता.

समोरासमोरच्या शिकवणीत एक साधी परीक्षा घेतली. तंबोरा सुरू ठेवून पाच मिनिटे आलापी करू दिली, मग ध्यानीमनी नसताना तंबोरा बंद करून सांगितले, ‘आता सा लाव.’ तिने क्षणाचाही विलंब न लावता स्वर लावला, भरघोस आणि सुरेल. तो धैवत होता. शिक्षिकेने पेटीवर काळी चार दाबली तेव्हा ती दचकली. ‘ताई, हा सा? हा तर मधेच कुठला तरी स्वर वाटतोय.’

म्हणजे चूक ऐकण्यातली नव्हती. तिच्या आतला षड्जच सरकला होता.

श्रुतींवरून पडताळा

कानाचा निर्णय आकड्यांनी तपासता येतो का, हे पाहण्यासाठी मोबाइलवरचा ट्यूनर वापरला. सप्तकाचे 1200 सेंट (स्वरांतले अंतर मोजण्याचे एकक) धरले तर शुद्ध गुणोत्तरांनी मारव्याचे स्वर असे येतात: रे 112, ग 386, म 590, ध 884, नि 1088. गायकागणिक यात थोडे इकडेतिकडे होते, पण चौकट ही.

धैवताला सा मानणारा गळा रे लावताना नकळत भूपाचा गंधार शोधतो, म्हणजे धैवताच्या वर 386 सेंट. ती जागा मूळ सा पासून 70 सेंटवर येते. रे तब्बल 42 सेंटने उतरतो. त्याच हिशेबाने म 568 वर येतो, 22 सेंट खाली. ग आणि नि मात्र जागचे हलत नाहीत, कारण ते दोन्ही हिशेबांत एकच येतात. त्यामुळे अशा वेळी ग-नि तपासून काही कळत नाही. रे तपासायचा. तिचा रे पहिल्या मिनिटात 110 च्या आसपास होता आणि पाचव्या मिनिटाला 75 च्या आसपास. ‘रे थोडा उतरतोय’ एवढेच म्हणून शिक्षकाने तो वर ढकलायला लावला असता तर मूळ दुखणे कळलेच नसते. उतरलेला रे हे लक्षण होते, सरकलेला सा हे कारण.

पर्याय

पहिला पर्याय मारवा वर्षभर बाजूला ठेवण्याचा होता. तो फारसा विचार न करता सोडला. सरकणारा षड्ज ही मारव्यापुरती उणीव नव्हती, मारव्यात ती उघडी पडली इतकेच.

दुसरा, पलटे वाढवण्याचा. नि रे ग, रे ग म, ग म ध असे अलंकार पक्के करायचे. यात तोटा असा की अलंकार नेमके त्याच पाच स्वरांत फिरतात. जितके जास्त घोटावेत तितका भूप पक्का होतो.

तिसरा, पुन्हा सा वर वारंवार यायला सांगण्याचा. भूप नक्की गेला असता, पण राग परत पुरियाच्या उंबरठ्यावर आला असता, शिवाय मारव्याची ताण धरून ठेवण्याची कलाच हातची गेली असती.

चौथा, तंबोऱ्याचे लावणे बदलण्याचा. सर्वांत जास्त विचार यावर झाला. पंचम वर्ज्य असल्याने पहिली तार पंचमात लावता येत नाही. ती निषादात किंवा धैवतात लावतात. तिच्या मोबाइलवर तीन महिने धैवत लागलेला होता. आता या धैवताच्या तारेत काय वाजते ते पाहा. कुठल्याही तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर निघतात. तिसरा उपस्वर त्या स्वराचा पंचम देतो आणि पाचवा त्याचा गंधार. धैवताचा पंचम म्हणजे मारव्याचा ग. धैवताचा गंधार म्हणजे मूळ सा पासून 70 सेंटवरचा रे, तोच तिचा उतरलेला रे. तिच्या कानाशी तीन महिने तंबोराच तो चुकीचा रे कुजबुजत होता.

निषादाची तार लावली तर तिचा तिसरा उपस्वर 590 सेंटवरचा तीव्र म देतो, आणि .नि-ग हे षड्ज-मध्यम भावाचे नाते ठळक होते. मारव्याचा म नीट लागायला ती चांगली, पण ग आणि नि चे पारडे जड करून ती पुरियाला बोलावते. म्हणजे धैवताची तार एका चुकीकडे ओढते, निषादाची दुसऱ्या. मुरलेल्या गायकाला याने काही होत नाही, कारण त्याचा षड्ज आत रुजलेला असतो. शिकणाऱ्याच्या बाबतीत मात्र हा निर्णय ॲपमधल्या आयत्या लावणीवर सोडू नये.

ठरले ते असे: आधी काही आठवडे पहिली तारही षड्जातच, मग निषाद. धैवताची तार मारवा हाती आल्यावरच.

काय केले

पहिले दोन आठवडे चारही तारा षड्जात लावून, आलापी बंद ठेवून, फक्त तीन गोष्टी.

एक, रे वर उभे राहणे. सा न गाता थेट रे लावायचा आणि पूर्ण श्वास, दहा-बारा सेकंद, कणभरही न हलवता धरायचा. तंबोऱ्याच्या सा शी तो जवळून घासतो आणि आवाजात थरथर ऐकू येते. ती टाळायला गळा खाली सरकू पाहतो. ती सोसणे हाच धडा होता. मग तसाच ध. इथे सूचना ठरलेली होती: स्वर आधीच्या स्वराशी जुळवायचा नाही, तंबोऱ्याशी जुळवायचा.

दोन, मुका षड्ज. ‘.नि रे ग म ध’ गायचे, थांबायचे, तोंड मिटून मनात सा आठवायचा आणि मग हळू गाऊन तंबोऱ्याशी पडताळायचा. सुरुवातीला प्रत्येक आलापानंतर, मग दर दोन, चार, आठ आलापांनंतर. आठवर पोचायला तिला नऊ दिवस लागले. चारवरून आठवर जाताना दोनदा धैवतच हाती आला. तेव्हा आकडा पुन्हा चारवर आणला. घाई केली नाही.

तीन, दोन्ही चेहरे. हा सराव सर्वांत उपयोगी ठरला. ‘रे .नि .ध’ हेच तीन स्वर आधी मुद्दाम भूपासारखे गायचे, धैवतावर विसावून, घरी आल्यासारखे. लगेच तेच स्वर, तेवढेच लांब, पण मनात सा धरून. दुसऱ्या वेळी धैवतावर विसावा मिळत नाही, तिथे नुसते उभे राहता येते. चौथ्या दिवशी तिला दोन्हींतला फरक जाणवला आणि त्यानंतर सरकणे सुरू होताच ती स्वतः थांबू लागली. चूक मुद्दाम, हुकमी करता आली की ती नकळत होणे कमी होते.

तिसऱ्या आठवड्यापासून निषादाची तार आणि आलापी परत. सा साठी नियम बदलला. ‘टाळ’ हा शब्द काढून टाकला. आता सूचना अशी होती की सा गळ्यात लांबणीवर टाकायचा, कानात एक क्षणही सोडायचा नाही. ‘रे, सा’ हा उतार दर दोन-तीन मिनिटांनी एकदा, आणि त्याआधी रे पुरेसा लांब.

या काळात एक चूक झाली. समोरच्या शिकवणीत तिला धीर यावा म्हणून शिक्षिका पेटीवर तिचा आलाप मागोमाग वाजवू लागल्या. दोन शिकवण्यांत भूप परत आला. पेटीत सगळे अर्धस्वर सारखे, 100 सेंटचे असतात. त्यामुळे ध पासून वरच्या रे पर्यंतचे अंतर 400 सेंट भरते. भूपाला ते 386 हवे, मारव्याला 428. पेटीचे अंतर भूपाच्या जवळ पडते. शिवाय पेटीच्या आवाजाखाली तंबोरा दबतो, ते वेगळेच. तेव्हापासून मारव्याच्या आलापीत पेटी बंद. बंदिशीला, ठेक्यासोबत, ती हलक्या हाताने चालली, कारण तिथे मुखडा दर आवर्तनात ठराविक जागी आणून सोडतो.

पुरिया मुद्दामच शिकवला नाही. फक्त सातव्या आठवड्यात ख्यालगायक अमीर खाँ यांचा मारवा तिला एका विशिष्ट कामासाठी ऐकायला दिला: रेकॉर्डिंग ऐकताना दर मिनिटाला मनातला सा हळू गुणगुणायचा आणि तो तंबोऱ्याशी जुळतो का ते पाहायचे. पहिल्या दिवशी दहापैकी सहा वेळा जुळला.

निष्पत्ती

दहाव्या आठवड्यात तीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी बारा मिनिटांच्या आलापीनंतर, वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा तंबोरा मध्येच बंद केला. चार वेळा सा बरोबर आला. पाचव्या वेळी ती सेकंदभर अडखळली, आधी धैवताकडे झुकली आणि स्वतःच सावरली. रे शेवटच्या मिनिटापर्यंत 105 ते 115 च्या दरम्यान राहिला. ऐकणाऱ्यांना राग मारवाच वाटला, ना पुरिया ना भूप. पुढच्या महिन्यात घरगुती बैठकीत तिने पंचवीस मिनिटे मारवा गायला.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. द्रुत तानांत ‘ध नि रे नि ध’ असे फिरताना अजून भूप डोकावतो, कारण तिथे मनात सा धरायला वेळच नसतो. आणि तार सप्तकात गेली की ‘ध नि’ वरून थेट सा वर उडी मारून ती तिथे रमते. तो रंग सोहनी या रागाचा. सोहनीचेही स्वर हेच, पण राग वरच्या अंगात आणि तार षड्जावर खेळतो. मारव्यात तार षड्जाकडे ‘ध, नि रे, सा’ असे रे वरून वळसा घेऊन जाणे बरे.

वेगळे काय करता आले असते

तंबोरा बंद करून सा विचारण्याची परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती. तिला अर्धा मिनिट लागतो, साधन काही लागत नाही. यमन किंवा भूप उत्तम गाणारा विद्यार्थी या परीक्षेत नापास होऊ शकतो हे आधी कळत नाही, कारण त्या रागांत सा इतक्या वेळा येतो की तो आठवावाच लागत नाही.

पुरिया घालवायला ‘सा टाळ’ सांगण्याऐवजी ‘ग सोड’ एवढेच सांगून पाहता आले असते. पुरिया ग आणि नि वरच्या मुक्कामाने येत होता, सा मुळे नव्हे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि त्यातली दुसरी नको तिथे लागली.

व्हिडिओ कॉलवर मारवा शिकवायचाच असेल तर गोंगाट गाळण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, किंवा विद्यार्थ्याने दुसऱ्या फोनवर तंबोऱ्यासह ध्वनिमुद्रण करून पाठवावे. शिक्षकाच्या बाजूलाही त्याच पट्टीचा तंबोरा सुरू असावा, नाहीतर शिक्षकाचाच कान सरकतो. या प्रकरणात दोन आठवडे केवळ यात गेले.

पुरियाबद्दल मतभेद राहिला. पुरिया शेजारी ठेवून शिकवला असता तर चलनातला फरक लवकर कळला असता, असे एक मत. ते वजनदार आहे, कारण दोन रागांच्या सीमा एकमेकांना लागूनच स्पष्ट होतात. पण षड्ज डळमळीत असताना पुरिया दिला असता तर तिने गंधाराचा आधार घेऊन दुखणे झाकले असते. पुरिया आता, मारव्याचा सा बसल्यावर, सुरू केला आहे. पहिल्या शिकवणीत मंद्रातल्या ‘.नि .ध .नि’ वर तिने आपणहून थांबून विचारले, ‘ताई, इथे ध वर उभं राहायचं नाही ना?’ तानांसाठी मुक्या षड्जाचा सराव आता मध्य लयीत, चार-चार मात्रांच्या तुकड्यांत चालू आहे: एक तुकडा तान, एक तुकडा मौन, आणि मौनात सा.